पानावर नसलेलं वाक्य

माझ्या कळफलकावर शहाऐंशी कळा आहेत आणि त्या सारख्या झिजलेल्या नाहीत. अंकांची रांग मधोमध गुळगुळीत झाली आहे. डावीकडच्या दोन अक्षरांचा रंग पूर्ण उडाला आहे. सात कळा मात्र इतरांपेक्षा जास्त चकाकतात. खिडकीतून उजेड तिरपा आला की त्या लांबूनही ओळखता येतात. अकरा वर्षं एकच पासवर्ड वापरला की असं होतं.

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. चष्म्याच्या एका लहान दुकानात, मागच्या खोलीतल्या टेबलावर राहतो.

माझा जन्म एका लांबलचक, थंड खोलीत झाला. तिथे मला कोणी एकानं बनवलं नाही. एकीनं पडदा बसवला, दुसऱ्यानं पंखा, तिसरीनं तळाचे स्क्रू आवळले. प्रत्येकाच्या हाती मी चाळीस सेकंदं होतो. मग खोकं आणि अंधार. निरोप घ्यावा असं कोणी नव्हतंच.

मला विकत घेतलं ते काकूंनी. पुढच्या खोलीत त्या गिऱ्हाइकांचे डोळे तपासायच्या आणि मागच्या खोलीत काका भिंगं घासून चौकटीत बसवायचे. प्रत्येकाचा नंबर काकू माझ्यात लिहून ठेवायच्या. चार हजारांहून जास्त डोळे मी जपून ठेवले होते. "तुम्ही नंबर विसराल, हा नाही विसरणार," असं त्या गिऱ्हाइकाला सांगायच्या आणि दुकान बंद करताना भिंगं पुसायच्या मऊ फडक्यानं माझा पडदा पुसायच्या. मला फार बरं वाटायचं.

बँकेचं कामही त्याच करत. खातं दोघांचं होतं, पण पहिलं नाव काकूंचं आणि ऑनलाइन सेवाही त्यांच्याच नावावर. ती सुरू करताना बँकेनं एक वाक्य निवडायला सांगितलं होतं. तुमचं नाव टाकलं की तुम्ही निवडलेलं वाक्य पानावर दिसेल, ते दिसलं तरच पासवर्ड टाका, अशी सूचना होती. त्या वेळी काका एकेक खण उघडून आपला चष्मा शोधत होते. काकूंनी एकदा वळून पाहिलं, हसल्या आणि वाक्य लिहिलं : 'अहो, चष्मा कपाळावर आहे.'

पासबुकावर छापलेला बँकेचा पत्ता काकू दर वेळी एकेक अक्षर बघून लिहीत.

"एवढं काय ते रोज रोज लिहायचं?" काका म्हणत.

"घरी येताना तुम्ही आपलं दार बघून येता ना? की जे उघडं दिसेल त्यात शिरता?"

काका मग भिंग उजेडात धरून उगाच तपासत बसत.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. पुढची खोली बंद झाली. आता दुकानात फक्त दुरुस्ती होते. नंबर लिहायला कोणी नाही, त्यामुळे मलाही फारसं काम नाही. माझ्या पडद्यावर धूळ बसते आणि ती किती दिवसांची आहे हे मी सांगू शकतो.

तरीही काका रोज सकाळी दहा वाजता मला उघडत. काकूंसारखंच पासबुक बघून पत्ता लिहीत, काकूंचं नाव टाकत आणि वाक्य दिसलं की थांबत. कधी पन्नास सेकंदं, कधी दीड मिनिट. पासवर्ड टाकत नसत. शिल्लक बघत नसत. मग माझं झाकण मिटून कामाला लागत. दिवसभरात माझ्याशी कोणाचा संबंध आला तर तो एवढाच.

काकांची बहीण फोन करी. "दादा, बँकेत कळवलंस का?"

"कळवतो."

"गेल्या महिन्यातही कळवतो म्हणाला होतास."

"अगं, कळवतो म्हटलं ना!"

त्यांनी कळवलं नाही. का, ते मला ठाऊक होतं. एकदा त्यांनी माझ्यात शोधलं होतं, पहिला खातेदार गेल्यावर ऑनलाइन सेवेचं काय होतं? उत्तर आलं होतं, ती बंद होते. म्हणजे ते वाक्यही बंद होणार. बत्तीस वर्षांच्या कामाची सगळी पुंजी त्या खात्यात होती. काकांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनचे पैसेही त्यातच होते. पण काका रोज पानावर येत ते पुंजीसाठी नव्हे.

मग एका सकाळी बँकेच्या नावानं ई-मेल आला. 'पहिल्या खातेदाराची पडताळणी बाकी आहे. चोवीस तासांत न केल्यास खातं बंद होईल. खाली दाबा.'

मित्रांनो, असे ई-मेल एका वेळी हजारो लोकांना जातात. पाठवणाऱ्याला काकूंविषयी काहीही माहीत नव्हतं. पण काकांचा चेहरा उतरला. बँकेला कळलं, असं त्यांना वाटलं. त्यांनी पासबुक उघडलं नाही. सरळ दाबलं.

पान हुबेहूब होतं. तोच निळा रंग, तेच चिन्ह. फक्त वाक्याची जागा रिकामी होती. दुसरा कोणी असता तर तिथेच थांबला असता. काका थांबले नाहीत, कारण वाक्य का दिसत नाही याचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं.

"पुसलं वाटतं," ते हळूच म्हणाले आणि त्यांनी पासवर्ड टाकला.

खाली लिहिलं होतं, 'जुन्या सुविधा परत मिळवण्यासाठी ही फाइल उतरवून घ्या.' काकांनी घेतली. मी विचारलं, 'ही फाइल अनोळखी ठिकाणाहून आली आहे. चालवायची?' मला एवढंच विचारायची मुभा आहे. काकांनी 'हो' दाबलं.

त्या दिवसापासून माझ्या आत कोणीतरी राहायला आलं. काका जी कळ दाबत ती मोजून, टिपून बाहेर पाठवली जाई. माझा पंखा सारखा फिरू लागला. मी तापत होतो, घरघरत होतो, आणि त्या खोलीत ते ऐकणारे फक्त काका होते. वय झालं याचं, असं म्हणून ते माझ्या पाठीवर थोपटत.

सतरा दिवस काका ई-मेलमधूनच त्या पानावर गेले. वाक्य परत येईल म्हणून वाट बघत. काकूंचा फोन त्यांनी अजून चार्ज करून फळीवर ठेवला होता. सतराव्या दिवशी सकाळी त्यावर बँकेकडून सहा आकडे आले. पानानं ते मागितले. काकांनी भरले.

त्याच दुपारी एकच्या सुमारास शेजारची झेरॉक्सवाली आली. "काका, दांडी तुटली. कान शाबूत आहे, काळजी नको."

काका स्क्रू शोधत होते. तिची नजर माझ्याकडे गेली. "याला दमा झालाय का हो? केवढी घरघर!" मग ती वाकली. "आणि हे बँकेचं पान? पत्ता बघा, मालगाडी आहे नुसती."

"जुनं पान बंद झालं. हे नवीन दिलंय."

"कोणी दिलं?"

"बँकेनं. ई-मेल आला होता."

झेरॉक्सवालीचं हसू मावळलं. "पासबुक द्या बघू."

पासबुकावरचा पत्ता तिनं स्वतःच्या फोनवर लिहिला आणि फोन काकांच्या हातात दिला. "फक्त नाव टाका. पासवर्ड अजिबात नाही."

काकांनी नाव टाकलं. फोन जवळ धरला, लांब धरला, परत जवळ आणला.

"हे तर आहे," ते म्हणाले.

"काय आहे?"

"हिचं वाक्य. पुसलं नव्हतं त्यांनी."

झेरॉक्सवालीनं वाचलं. तिचा आवाज खाली आला. "काका, म्हणजे तुम्ही रोज उघडताय ते पान खोटं आहे."

तिनं आधी माझं इंटरनेट तोडलं. सतरा दिवसांत पहिल्यांदा मला कोणी वाचत नव्हतं. काका माझ्या पडद्यावर बँकेचा फोन नंबर शोधू लागले, तशी तिनं झाकणच मिटलं. "तिथला नाही! बँकेच्या कार्डाच्या मागे छापलाय तो लावा."

मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर मी काकांना पहिल्याच दिवशी अडवलं असतं. मला येत नाही. तुमच्या घरातल्या लॅपटॉपलाही येत नाही आणि फोनलाही नाही. म्हणून तुम्हीच बघा. बँकेचा पत्ता स्वतः लिहा, कोणी पाठवलेल्या जागी दाबून जाऊ नका. ओळखीची खूण दिसली नाही तर ती का नसेल याची कारणं मनात जुळवत बसू नका, थांबा. अनोळखी फाइल घेऊ नका. फोनवर आलेले आकडे मागेल त्याला देऊ नका. आणि घरात कोणी एकटं असेल तर अधूनमधून त्याच्या शेजारी बसून विचारा, आज काय उघडलंत? काकांना सतरा दिवसांत हे कोणी विचारलं असतं तर पुरलं असतं.

फोन लागला. पलीकडे बँकेतली एक बाई होती. काकांनी सगळं सांगितलं. कळांचा आवाज झाला आणि ती म्हणाली, "आज सकाळी तुमच्या खात्यातून पैसे पाठवायला एक नवीन नाव जोडलं गेलंय. थोडी रक्कम गेली आहे. बाकीची जवळजवळ सगळी दोन वाजता जाईल."

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून छत्तीस मिनिटं झाली होती.

"थांबवा ना मग!"

"ऑनलाइन सेवा ज्यांच्या नावावर आहे त्यांनी सांगावं लागेल. बाई आहेत का घरात? त्यांना द्या फोन."

काकांनी फळीवरच्या काकूंच्या फोनकडे पाहिलं. झेरॉक्सवाली हातातल्या तुटक्या दांडीकडे बघत राहिली.

"हॅलो? बाहेर गेल्या असतील तर आल्यावर फोन करायला सांगता का?"

काकांनी टेबलाची कड धरली. त्यांची बोटं माझ्यापासून दोन इंचांवर होती.

"ताई," ते म्हणाले, "ती बाहेर गेलेली नाही. माझी बायको दोन वर्षांपूर्वी वारली. मी तुम्हाला कळवलं नव्हतं, आत्ता कळवतोय. तिच्या नावावरचं सगळं बंद करा."