भिंतीतला हात

"नऊ!" भूतबंगल्याच्या मालकानं फळीवर खडूनं रेघ मारली. "आता एकच राहिलं. बघू तुझी करामत."

भिंतीतल्या हातवाल्यानं हात पुन्हा बादलीत बुडवला. अकरा वर्षं तो दोन फळ्यांमधल्या सांदीत उभा राहून भोकातून हात काढत होता आणि अंधारात चाचपडत येणाऱ्यांची मनगटं धरत होता. उबदार हाताला कोणी घाबरत नाही, म्हणून आधी बर्फाच्या बादलीत हात बुडवायचा. धरायचं, मनात एक, दोन म्हणायचं, सोडायचं. आतून बोलायचं नाही. या हातावर लोक थुंकले होते, एकानं जळती सिगारेट टेकवली होती. तिकीट काढलं की माणूस वाट्टेल ते करायला मोकळा! बायको गेल्यापासून त्याच्या हाताला माणसाचा हात लागायचा तो एवढाच.

आता मालकानं पंपावर हलणारा रबरी हात आणला होता. "दहा गिऱ्हाईकं त्याची, दहा तुझी. त्याच्यापेक्षा एक जास्त ओरडलं, तर तू राहशील." रबरानं नऊ ओरडवली होती; हातवाल्याचीही आतापर्यंत नऊच्या नऊ ओरडली होती.

दहावी एक म्हातारी आली. त्यानं मनगट धरलं. एक. दोन.

ती ओरडली नाही. उलट तिनंच त्याचा हात दोन्ही तळव्यांत घेतला आणि चोळू लागली.

"अगंबाई, केवढा गारठलाय! कोण आहे रे बाबा आत? बोल की!"

नख रुतवलं असतं तरी भागलं असतं. बोट जरा पिरगळलं असतं, तर पुढची सगळी वर्षं त्याची होती. हे त्याला पुरतं कळत होतं. बोटांत हळूहळू ऊब येत होती. त्यानं हात तसाच राहू दिला.

"आजी, चला की पुढं! भुताचं लग्न जमवताय काय?" मागून कोणीतरी खेकसलं. म्हातारी गेली.

"अरे, एक किंकाळी! एवढीशी!" मालकानं खडू खिशात टाकला. "झालं काय तुला?"

"हात आखडला," हातवाला म्हणाला.

तो बाहेर उन्हात आला. म्हातारी बाकावर एकटीच बसली होती. तिनं त्याला हाक मारली.

"अहो भाऊ, तुम्ही इथलेच का? आत भिंतीत एक माणूस उभा आहे. त्याला म्हणावं, मधेमधे जरा उन्हात येऊन बसत जा."

"सांगतो," तो म्हणाला आणि फाटकाकडे चालू लागला.