चौकटीवरची उलटी कोरफड

सकाळी सव्वाआठला शेवंतीच्या उजव्या मनगटावर काजूचं तेल उडालं. परसात ती काजूबिया भाजत होती. टरफलातलं ते काळं, जाळणारं तेल तडतडून अंगावर आलं.

मित्रांनो, मी एक जुनी कोरफड आहे. मालवणजवळच्या या घराच्या दारावर मुळं वर, पानं खाली अशी टांगलेली. शेवंतीचा नवरा सत्यवान मासेमारीच्या ट्रॉलरवर जायला लागला, तेव्हा त्याला कुणाची दृष्ट लागू नये म्हणून तिनं मला अंगणातून उपटून इथे बांधलं. अंगणातली माझी भावंडं पावसाचं पाणी साचून कुजली. मी मात्र पानांत साठवलेल्या पाण्यावर जगले. वाळवंट मी पाहिलेलं नाही. पण भर दुपारी वाळूचा उबारा वर येतो, पानं डुलू लागतात, आणि वाटतं, आपण दूरच्या एखाद्या कोरड्या देशात आहोत. तिथे आभाळ पायाशी आहे आणि तहान कुणालाच नाही.

मातीवाचून जगते म्हणून येणारे-जाणारे माझं कौतुक करत. मग त्यांना सवय झाली. अंगावर धूळ बसली, कोळिष्टकं धरली.

शेजारची रोझालिना धावत आली. तिनं शेवंतीच्या हातावर बराच वेळ गार पाणी ओतलं, तिला पुढच्या दारापाशी आणलं आणि वर माझ्याकडे पाहिलं. शेवंती मागे सरली. टांगलेल्या कोरफडीला सुरी लावली की घराची राखण सुटते, असं ती मानत आली होती. आणि सत्यवानाचा फोन कालपासून लागत नव्हता.

"ती ह्यांच्यासाठी बांधलेली आसा," ती म्हणाली.

"हात जळलो तुझो. घोव इल्यार भाकऱ्यो कोण थापतली, ही कोरफड?"

शेवंतीनं स्वतःच स्टूल ओढलं. माझं सर्वांत जाड पान कापलं, पिवळा चीक निथळू दिला आणि आतला गर मनगटावर पसरला. हळूहळू मनगटाची आग कमी झाली. एवढ्यासाठीच का मी ते पाणी इतकी वर्षं जपलं होतं?

मग तिनं मला सोडवलं. मडक्यात वाळू नि कौलांचे तुकडे घालून दारासमोर लावलं. मित्रांनो, आम्हांला पाणी थोडंच पुरतं. पण पान कापाल त्या दिवशी मुळांना जागाही द्या.

आता संध्याकाळ झाली आहे. सगळं सुलट दिसतं आहे. मूळ धरेल की नाही, मला ठाऊक नाही. शेवंती पायरीवर बसून डाव्या हातानं पुन्हा फोन लावते आहे.