गुत्त्यावरची पाटी

मी एक जुनी पाटी आहे, आणि मित्रांनो, मला घडीभर चैन नाही. दाराशेजारी एका खिळ्याला दोरीने लोंबकळते. वारा पडला तरी येणाऱ्याजाणाऱ्याचा खांदा लागतो आणि मी भिंतीवर आपटते. माझ्या अंगावर एकच शब्द आहे: गुत्ता.

तो वाचून तुम्ही नाक मुरडाल. खुशाल मुरडा, पण आधी त्याचं मूळ ऐका. गुत्ता म्हणजे मक्ता. या भागात दारू विकायची ती फक्त अमक्यानेच, असा करार पूर्वी सरकार करायचं. कंत्राटदाराला अजूनही कुठे कुठे गुत्तेदार म्हणतात, त्याला कुणी हसत नाही. दारूचे ते करार गेले, शब्द मात्र दुकानाला चिकटला आणि बदनाम झाला.

दुकानाच्या आताच्या मालकाच्या वडिलांना मक्ता मिळाला, तेव्हा सुताराने मला दाराच्या फळीतून कापलं. तेव्हा काय माझा तोरा! पुढे आयाबाया माझ्याकडे पाहून तोंड फिरवू लागल्या. रंगाचे पोपडे निघाले, कुणी साधं फडकं मारलं नाही.

वडिलांची एक रीत मात्र मालकाने पाळली. कुणाची आई किंवा बायको दाराशी आली, की तो मला उलटी करायचा. पाटी उलटी, की ओतणं बंद. तिचा माणूस उठून घरी जाईपर्यंत कुणाला थेंब मिळायचा नाही. मग बाकीची गिऱ्हाइकंच त्याला उठवायची. "ऊठ बाबा, आमच्या घशाला कोरड पडली."

गेल्या आठवड्यात भरदुपारी मालकाची सून आली. तिचा नवरा, म्हणजे मालकाचाच मुलगा, सकाळपासून आत बाकावर होता. त्याची तिसरी नोकरी सुटली होती. मालक जागचा हलला नाही.

"तू घरचीच की गं," तो म्हणाला. "आपल्यात कसली आलीय पाटी?"

"बाबा, परक्या बायकांना रीत आहे, मग मला का नाही?"

मालक पेला पुसू लागला. तेव्हा तिनेच हात उंचावून मला उलटी केली आणि उंबऱ्यावर बसली.

"तू जा, मी येतो," नवरा म्हणाला. ती हलली नाही. पेले रिकामे झाले, एकेक जण निघून गेला. दिवेलागणीला मालकाने बाटली फडताळात ठेवली आणि तो मुलाशेजारी येऊन बसला.

"तू उठेपर्यंत मी कुणालाही ओतणार नाही," तो म्हणाला. "मग दुकान बुडालं तरी बुडू दे."

मुलगा भिंत धरून उठला. सुनेने त्याला घरी नेलं. सकाळी मालकाने मला सुलट करायला हात लावला, आणि मागे घेतला.

तेव्हापासून माझं तोंड भिंतीकडे आहे. रस्ता दिसत नाही, नुसती पावलं ऐकू येतात, आणि जीव टांगणीला लागतो. मुलगा रोज दाराशी येतो, माझ्यापाशी थांबतो, परत जातो. मला मिरवायची हौस अजून आहे, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, तुम्ही कधी इकडे आलात, तर माझी धूळ पुसा. दोरी कुजत आली आहे, ती बदला. फक्त मला सुलट करू नका.