ओव्हनमधले रोडगे

माझ्या नणंदेने, यमुताईंनी, नवस बोलून ठेवला होता. आजारी भाऊ स्वतःच्या पायांवर चालला की शेतातल्या मारोतीला रोडग्यांचा नैवेद्य, आणि नैवेद्य होईपर्यंत धान्य तोंडात घेणार नाही. तो भाऊ म्हणजे माझे यजमान, वामनराव, वॉकर सोडून गॅलरीपर्यंत चालत आले, पण रोडगे काही होईनात. ऐंशी ओलांडलेलं शरीर, राजगिरा आणि चहावर किती चालणार? त्या दिवशी सकाळी उठताना ताईंना भोवळ आली आणि त्या भिंत धरून खाली बसल्या.

रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, ते भाजायचे गोवऱ्यांच्या आरात, धगधगत्या निखाऱ्यांत. मनीषनगरच्या चौथ्या मजल्यावर आर कुठे लावणार? गच्चीवर धूर करायला सोसायटीने साफ नाही म्हटलं. गावी, खाप्याला, शेतावर जाऊन यायचं त्राण आम्हा तिघांत नव्हतं.

उरला ओव्हन. प्रताप नगरच्या जुन्या घरातून आणलेला, शेगडीच्या खालचा, गॅसचा. आमचा मुलगा केशव शाळेत होता तेव्हा मी त्यात नानकटाई करायची. दिवाळीत ताटामागून ताट काढायची आणि वर शेजारच्यांचीही भाजून द्यायची. आता त्यात कढया ठेवते. त्या बाहेर काढतानाच कंबर धरली.

कणीक भिजवली, लाटीत लाटी घालून गोळे वळले. आर रसरशीत असतो म्हणून ज्योत मोठी केली आणि आरात मांडावेत तसे गोळे थेट तळाच्या पत्र्यावर मांडले. वर राहवेना म्हणून दार सारखं उघडून पाहत राहिले.

रोडगे खालून कोळसा झाले. ताईंनी एक फोडला, आत पीठ तसंच.

"कच्चं पीठ देवाले दाखवू का वं?"

"दुसरे करते, ताई."

"राहू दे, सुमती. थकली तू. मी चहाच घेते."

त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या इतक्या हळू बोलल्या की मी पुन्हा परात ओढली.

या वेळी जाळी मधल्या खाचेत बसवली, ज्योत बारीक केली. रोडगे एकदाच उलटले. सगळीकडून बदामी झाले तेव्हा गॅस बंद केला आणि सवयीने दाराकडे हात गेला.

"आता काहून उघडून राहिली?" ताई स्टुलावरून म्हणाल्या. "आर विझला का रोडगा राखेत मुरते. तसाच मुरू दे त्याले."

मुरू दिला. मीही भिंतीला टेकून बसले. मग ताईंनी हाताने एक फोडला. वाफ आली, पदर सुटले. त्यांनी गॅलरीत उभं राहून खाप्याच्या दिशेने ताट दाखवलं, डोळे मिटले, आणि मी दोघांना जेवायला वाढलं.

वामनरावांनी रोडगा हातात घेऊन नाकाशी नेला. "हे तं बेकरीतले पाव दिसून राहिले! धुराचा वास कुठी आहे?"

ताईंचा हात ताटातच थांबला. मी वामनरावांकडे पाहिलं, पण ते तूप शोधत होते. तिसऱ्यांदा कणीक मळायचं बळ माझ्या मनगटांत नव्हतं, आणि मळली असती तरी धूर कुठून आणणार होते?

"वामन," ताई म्हणाल्या, "पाय चालले तं जीभ पण सुटली का गा तुही? देवानं घेतलं ते. तू कोण नावं ठेवणारा?"

"मी तं मजाक केली, बाई."

"मजाक करतं! भावासाठी उपाशी मी मरून राहिली, अन् याले धूर पायजे."

तणतणतच त्यांनी तुकडा वरणात बुडवला आणि तोंडात टाकला. दात नाहीत, बराच वेळ चघळत राहिल्या. गिळला.

"कडक झाला थोडा," माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. "वरण वाढ वं अजून."

मी वाढलं. माझं ताट मात्र घ्यायचं राहूनच गेलं. तिथेच बसून त्यांना जेवताना पाहत राहिले.