नाकाला विचार

“डोळा भुलतो रंगाला, हात भुलतो मऊला,
नाकाला विचार बाळा, खरं कळतं नाकाला…”

कढईवरच्या वाफेतून आईचा आवाज आला. साबण घोटत ती गुणगुणत होती, आणि तिच्या मागे उभं राहून म्हातारा साबणवाला पुन्हा लहान झाला होता. संत्र्याच्या साली, ओलं लाकूड, कोमट तेल, आईचे नुकते धुतलेले केस. चपला दाराशी काढून माणसं घरात यावीत, तसे एकेक वास हलकेच आत येत होते. त्यानं खोल श्वास घेतला.

“आजोबा, उठा. झाली तपासणी.”

नर्सनं त्याच्या नाकातली ऑक्सिजनची नळी काढली. नळीबरोबर वासही निघून गेले. राहिली ती नुसती चुरचुर.

“स्वप्न पडलं वाटतं? डोळे भरलेत.”

“भुलीचं औषध गोड होतं तुमचं,” तो म्हणाला.

पोटात दुर्बीण घालून डॉक्टरांनी पाहिलं होतं. थोडी सूज होती, काळजीचं काही नव्हतं. लेक त्याला हाताला धरून घरी घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं नाक आतून सुकलेल्या मातीसारखं तडतडत होतं. शिंकांनी जीव नकोसा झाला. लेकीनं दवाखान्यात फोन लावला आणि ‘हो, हो’ करत ऐकून घेतलं.

“ऑक्सिजन कोरडा असतो, बाबा. त्यानं नाक सुकतं. मिठाच्या पाण्याचे थेंब घालायचे, बोटं घालायची नाहीत. एक-दोन दिवसांत निवळेल म्हणाली नर्स.”

“सगळं?”

“सगळं.”

थेंब घालताना लेकीनं त्याची हनुवटी वर केली, तेव्हा तो छताकडेच बघत राहिला. बरंच झालं होतं नाक सुकलं ते! दोन दिवस तरी कुणी काही विचारणार नव्हतं.

कारखाना घराच्या मागच्या खोलीतच होता. तिथला रिवाज आईच्या काळापासूनचा. साबणाचा घाणा तयार झाला की त्यातलं वाडगंभर मिश्रण घरातल्या मोठ्या माणसाच्या नाकाशी यायचं. त्यानं वास घेऊन ‘हं’ म्हटलं, तरच साच्यात ओतायचं. मागे एका लांबलेल्या तापातून म्हातारा उठला तेव्हा त्याचं नाक मुकं झालं होतं. पण ‘हं’ थांबला नव्हता. तो थांबला, तर या खोलीत आपण कोण? नुसते बसणारे.

लेक वाडगं घेऊन आली. सवयीनं आली, आणि दारातच थबकली.

“अगं बाई, विसरलेच. तुमचं नाक ना… राहू दे, उद्या ओतू.”

“आण इकडे.”

त्यानं वाडगं दोन्ही हातांत धरलं. कोमट होतं. वाफ आत गेली तशी चुरचुर उठली. इतक्या दिवसांनी नाकाला काही कळलं, ते हे. घशात ‘हं’ तयारच होता. पण कालचे वास आठवले. ते दाराशी थांबून त्याच्याकडे बघताहेत असं वाटलं.

त्यानं वाडगं गुडघ्यावर ठेवलं.

“काही येत नाही मला.”

“नाक सुकलंय म्हणून, बाबा. दोन दिवसांत…”

“नाही गं. तापापासून. तेव्हापासून काहीच येत नाही.”

लेकीनं ओले हात पुसले. मग पुन्हा पुसले.

“मला ठाऊक आहे.”

“कधीपासून?”

“मागच्या थंडीत घाईत चुकून बिनवासाचं वाडगं आणलं होतं तुमच्यापुढे. सुगंध घालायचाच राहिला होता. तुम्ही डोळे मिटलेत, किती वेळ वास घेतलात, आणि म्हणालात ‘हं, फक्कड’.”

म्हातारा हसायला गेला, तोच शिंक आली. डोळ्यांतलं पाणी शिंकेवर खपलं.

“मग रोज कशाला आणत होतीस? मला बरं वाटावं म्हणून?”

ती साच्यांकडे बघत राहिली. ओळीनं मांडलेले, रिकामे.

“नाही. वास मी घेते. पण तुम्ही ‘हं’ म्हटल्याशिवाय ओतायला माझा हातच उचलला जात नाही, बाबा.”