आवडलं म्हणाला

राजधानीतल्या, म्हणजे सोफियाच्या, कुठल्याशा वर्तमानपत्राने वाचकांना विचारलं होतं की, देशातल्या कोणत्या गावात तुम्ही मेलात तरी राहायला जाणार नाही. आमचं रुदोवो दुसरं आलं. गावाला हे फार लागलं. आपण पहिलेच आहोत अशी इतकी वर्षं सगळ्यांची समजूत होती.

"मोजणीत घोळ आहे," ग्रोझदान म्हणाला. "पहिलं आलंय त्या गावाला धुराची चिमणी तरी आहे का?"

ग्रोझदान आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहतो. तांब्याच्या कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी होता. कारखान्याने त्याला निवृत्त केलं, त्याने स्वतःला केलं नाही. अजून कुणी इमारतीत शिरलं की तो आधी पिशवीकडे बघतो आणि मग तोंडाकडे.

रुदोवोवर देशभर विनोद होतात. आगगाडी आमच्या स्टेशनात थांबते ती प्रवाशांना खिडक्या लावून घेता याव्यात म्हणून, असं म्हणतात. त्यातले दोन-तीन विनोद माझेच, मी पेपरात असतानाचे. त्यासाठी गावात मला अजून कॉफी फुकट मिळते. बाहेरच्या माणसाने तेच विनोद केले असते तर त्याला दात गोळा करत जावं लागलं असतं.

तिसऱ्या मजल्यावर रायना राहते, म्हणजे तेव्हा राहायची. इमारतीला लिफ्ट नाही आणि रायनाला गुडघे नाहीत. नवरा मेतोदी गेल्यापासून एकटी. मुलगी इस्क्रा बुर्गासला, समुद्राकाठी. इस्क्राच्या घराखालची तळमजल्याची खोली विकाऊ होती, आणि मालक संत दिमितरच्या दिवसापर्यंत, म्हणजे ऑक्टोबर संपेपर्यंत, थांबायला तयार होता. रायनाचं घर विकलं गेलं तर ती खोली तिची, नातू रोज मांडीवर. नाही विकलं, तर पुन्हा एक हिवाळा सरपणाच्या मोळ्या तीन मजले वर चढवायच्या.

इमारतीच्या दारावर मेतोदीचा कागद होता. माणूस गेला की आमच्याकडे त्याचा फोटो आणि दोन ओळी छापून दाराला लावतात आणि दरवर्षी त्याच तारखेला नवा कागद लावतात. मेतोदीच्या खाली रायनाने 'घर विकणे आहे' हा कागद चिकटवला होता. मेतोदी दर फेब्रुवारीत नवा व्हायचा, विक्रीचा कागद मात्र तोच. उन्हाने त्यावरचा फोन नंबर उडून गेला होता, तरी कुणी तक्रार केली नव्हती.

सप्टेंबरात तो माणूस आला. गच्च्या-गच्च्यांवर मिरच्या भाजणं चाललं होतं. वर्षातले तेवढेच काही आठवडे चिमणीचा वास हरतो आणि मिरचीचा जिंकतो. आम्ही दारापुढच्या बाकावर बसलो होतो. रायना मांडीत घमेलं घेऊन भाजलेल्या मिरच्या सोलत होती. तो माणूस साठीचा, काटकुळा, हातात कापडी पिशवी. दारापुढे थांबला, मेतोदीकडे बघून टोपी काढली, कागद पूर्ण वाचला, मग खालचा वाचला.

"कोण पाहिजे?" ग्रोझदान.

"घर बघायचंय. हे, इथे लिहिलंय ते."

"कुठून आलात?"

"समुद्राकडून."

"उतरलात कुठे?"

"स्टेशनासमोर."

"पिशवीत काय?"

"पाव आणि चीज," तो म्हणाला, आणि चक्क पिशवी उघडून दाखवली. वर हसला. नाव वेसेलिन, तेही न विचारता सांगितलं.

पिशवी दाखवणाऱ्याकडे दुसरी पिशवी असते, असं ग्रोझदानचं मत नंतर पडलं.

रायना त्याला वर घेऊन गेली. बराच वेळ लागला, कारण ती प्रत्येक जिन्यावर बसते. खाली आली तेव्हा एकटीच होती. तो मागच्या दाराने कारखान्याच्या राखेच्या टेकडीकडे गेला होता. तिने घमेलं परत मांडीत घेतलं, एक मिरची अगदी देठापर्यंत सोलली आणि मग म्हणाली, "आवडलं म्हणाला."

"काय आवडलं?"

"तेच विचारलं मी. तर म्हणतो, सगळंच."

"खिडकी उघडलीस का?"

"उघडली ना. चिमणी दाखवली, टेकडी दाखवली. छताची भेग दाखवली, न्हाणीत पाणी कसं लाल येतं ते दाखवलं. म्हणाला, शांत आहे."

बाकावर शांतता पसरली, पण त्याला आवडली असती तशी नव्हे.

"टेकडीत सोनं असणार," ग्रोझदान म्हणाला. "इतकी वर्षं आपण राख म्हणून फेकलं ते."

"सोनं असतं तर तुझ्या फाटकातून केव्हाच बाहेर गेलं असतं," मी म्हणालो. "मला वाटतं हमरस्ता येणार. त्याला आधी कळलंय."

"ते असो," रायना म्हणाली. "मेतोदीपुढे टोपी का काढली त्याने? ओळख ना पाळख."

ग्रोझदानने आवाज खाली आणला. "वाचत होता तो. दारावरचे सगळे कागद. कोण गेलं, वय किती. इमारत कधी रिकामी होणार याचा अंदाज घेतोय."

आम्ही तिघांनी दाराकडे पाहिलं. कागद बरेच होते. अंदाज फारसा चुकीचा वाटेना.

दुसऱ्या दिवशी रायनाने त्याची परीक्षा घेतली. किंमत वाढवून सांगितली. तो हो म्हणाला. ती इतकी घाबरली की तिथल्या तिथे कमी केली. तो म्हणाला, छे, रायनाबाई, पहिली सांगितली होती तीच रास्त आहे. रायनाने दार लावून घेतलं आणि कडी घातली.

रविवारपर्यंत इमारतीतले 'विकणे आहे'चे बाकी सगळे कागद उतरले. दुसऱ्या मजल्यावरची शिक्षिका आपल्या घराला थडगं म्हणायची. तिने नवे पडदे आणले. परक्याला हवंय ते आपण का सोडावं, असा एकूण विचार. ग्रोझदान वेसेलिनच्या मागावर राहिला. तो काय खातो (पोटाच्या तुकड्यांचं सूप), कुणाशी बोलतो (सगळ्यांशी), हसतो किती वेळा (फार), याचा रोज तोंडी अहवाल.

रायनाने मुलीला फोन केला तेव्हा मी तिथेच होतो. तिने फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजावर लावला.

"अगं आई, गिऱ्हाईक आहे तर देऊन टाक. इथले मालक सारखे विचारतायत."

"देणार होते. पण त्याला आवडलंय."

"काय आवडलंय?"

"रुदोवो."

पलीकडे नातवाचं रडणं ऐकू आलं, मग तेही थांबलं. "मग जरा थांब," इस्क्रा म्हणाली. शेवटी आमच्याच गावची पोर.

ऑक्टोबर उजाडला. एका संध्याकाळी रायना दुसऱ्या जिन्यावर सरपणाच्या मोळीशेजारी बसलेली दिसली. म्हणाली, दम खातेय, तू जा. मी गेलो, पण घरी नाही. स्टेशनासमोरच्या खाणावळीत गेलो. वेसेलिन सूप पीत होता.

"खरं सांगा," मी म्हणालो. "टेकडीत काय आहे?"

"राख," तो म्हणाला. "का हो?"

"मग घर कशाला हवंय?"

त्याने व्हिनेगरची बाटली माझ्याकडे सरकवली आणि सांगितलं. त्याचं गाव सुंदर आहे. जुनी लाकडी घरं, अंजिराची झाडं, खाली समुद्र. जगभरचे लोक येतात आणि त्याच्या दोरीवरच्या चड्ड्यांचे फोटो काढतात. शेजाऱ्यांनी एकेक करून घरं विकली. उन्हाळ्यात गल्लीत पाय ठेवायला जागा नाही, हिवाळ्यात एका खिडकीत दिवा नाही. गेल्या वर्षी तो जिन्यावरून पडला. तसाच दोन दिवस लंगडत फिरला, कुणी विचारलं नाही की काय झालं.

"इथे आलो तर दारातच विचारलं, कोण, कुठून, पिशवीत काय. मला भरून आलं हो. आणि ते पिशवीचं विचारणारे गृहस्थ, ते माझ्या मागे टेकडीपर्यंत आले. त्यांना धाप लागली म्हणून मी थांबलोसुद्धा."

मी सूप मागवलं. हे कारण खरं होतं, म्हणजे बाकावर टिकण्याची शक्यता नव्हती.

"हे कुणाला सांगू नका," मी म्हणालो. "घर पाहिजे असेल तर गावाला नावं ठेवा. पण जपून. चिमणीला ठेवा, नगराध्यक्षाला ठेवा. माणसांना नाही, मिरच्यांना नाही. फुटबॉलच्या संघाचं नावच काढू नका. आणि 'तुमच्याकडे' म्हणायचं नाही, 'आपल्याकडे' म्हणायचं."

त्याने खाणावळीत सराव केला. आवाजात कडवटपणा येईना. सवय नव्हती बिचाऱ्याला.

दुसऱ्या दिवशी तो बाकाशी आला. रायना अक्रोड फोडत होती, ग्रोझदान आपण तिथे नाहीच असं दाखवत कोपऱ्यात उभा होता.

"तुमच्याकडचं पाणी," वेसेलिन म्हणाला, आणि मी डोळे मिटले.

"काय झालं पाण्याला?" ग्रोझदान.

"जरा तांबूस आहे."

"तांब्याचं गाव आहे, दुधाळ कुठून येणार? तुम्हाला कुणी आग्रह केलाय प्यायचा?"

"नाही, म्हणजे जिनाही... जिनाही फार उंच आहे." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

रायनाने हातोडी खाली ठेवली. "इतकं वाईट आहे तर घेताय कशाला?"

याचं उत्तर मी त्याला शिकवलं नव्हतं. तो काही क्षण टोपी फिरवत राहिला आणि मग ग्रोझदानकडे हात करून म्हणाला, "ह्यांच्यासाठी."

ग्रोझदान एक पाऊल मागे सरकला.

मग वेसेलिनने सगळं सांगितलं. अंजिरं, चड्ड्या, अंधारलेली गल्ली, लंगडणं. मी सांगू नका म्हटलं होतं ते सगळं, क्रमाने. त्याचं सांगून झालं. रायनाने एक अक्रोड उचलला, फोडला, गर काढला आणि खाल्ला.

"काल टेकडीवर काय करत होतास?" तिने विचारलं.

मी ऐकलं. आत्तापर्यंत ती त्याला अहो-जाहो करत होती.

"बसलो होतो."

"कुणाबरोबर?"

"हे होते ना. झुडपामागे."

"मी झुडूप बघत होतो," ग्रोझदान म्हणाला.

"गार वारा होता. ह्यांना अर्धा पाव द्यावा असं मनात आलं, पण ओळख दाखवायची नाही असं दिसलं."

"चीज होतं का त्यात?"

"होतं."

ग्रोझदान हळहळला, पण आतल्या आत.

रायना उठली, दाराशी गेली आणि मेतोदीच्या कागदाचा सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबून बसवला. पाठमोरीच बोलली. "मी गेले की हा कागद कोण लावणार? इस्क्रा एवढ्या लांबून फेब्रुवारीत यायची नाही. ग्रोझदान वाकडा लावतो. कामेन विसरतो."

कामेन म्हणजे मी.  मला वाटलं होतं ती सोन्याला घाबरतेय.

"मी लावीन," वेसेलिन म्हणाला.

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

रायना वळून आमच्याकडे बघायला लागली, जणू तो तिथे नव्हताच. "लगेच हो म्हणाला. ऐकलंत?"

"ऐकलं," ग्रोझदान म्हणाला.

"काहीतरी आहे याचं."

"असणारच."

"लक्ष ठेवा याच्यावर."

"ते मला सांगावं लागतं का, रायने?"

वेसेलिनचा चेहरा असा उजळला की मला लाज वाटली. त्याला नावं ठेवायला शिकवण्यात मी खाणावळीत इतका वेळ घालवला होता.

व्यवहार झाला. संत दिमितरच्या दिवसाआधी इस्क्राचा नवरा गाडी घेऊन आला. रायना पुढच्या सीटवर बसली, मिरच्यांच्या बाटल्या मांडीत. निघताना वेसेलिनकडे बघून म्हणाली, "कडी नीट लावत जा. इथले लोक बघतात तुला." गाडी वळेपर्यंत तिने मागे पाहिलं नाही.

फेब्रुवारी आला. रुदोवोचा फेब्रुवारी ज्याने पाहिला नाही त्याला सांगून कळणार नाही, आणि ज्याने पाहिला त्याला सांगायची गरज नाही. मेतोदीच्या तारखेला सकाळीच फोन वाजला.

"इथे सगळे हसतात माझ्याकडे बघून," रायना म्हणाली. "बेकरीवाली, पोस्टातली. आवडलं का बुर्गास, विचारतात. काय लपवतायत कोण जाणे." मग थांबली. "त्याने लावला का?"

मी दाराशीच होतो. वेसेलिन नुकताच पायरीवरून उतरला होता, बर्फात उघड्या डोक्याने, टोपी काखेत. ग्रोझदान मागे उभा राहून डावीकडे, उजवीकडे, अजून थोडं, असं सांगत होता. मेतोदी नव्या कागदावरून आमच्याकडे बघत होता. चारी कोपरे घट्ट, कडा दाराच्या चौकटीशी तंतोतंत समांतर. त्या दारावर एवढा सरळ कागद आजवर कुणी लावला नव्हता.

"लावला," मी म्हणालो.

"सरळ लावलाय?"

मी थोडा विचार केला.

"किंचित वाकडा आहे, रायना."

 मग मला तिचा श्वास सुटलेला ऐकू आला.

"चालेल," ती म्हणाली. "म्हणजे माणूस खरा आहे."