पोटरीतली कळ

चौऱ्याहत्तर साल असावं. नंदनवन वस्तीत तेव्हा घरं कमी आणि मोकळी जागाच जास्त होती. पंचफुला आणि जया कॉलेजातून पायीच घरी यायच्या. वाटेत थोडं चाललं की जया एखाद्या दुकानापुढं थांबायची.

"पाह्य वं, काय बांगड्या हाय!"

जयाला बांगड्यांचं काही पडलेलं नाही, हे पंचफुलाला ठाऊक होतं. आपल्या उजव्या पोटरीत गोळा येतो, पाऊल गार पडतं आणि आपण बोलून दाखवत नाही, म्हणून ती थांबते.

खो-खोच्या मैदानावर मात्र लपवता येईना. संघातली सगळ्यात चपळ पोर, आता जरा पळाली की बसकण मारायची. कुणी वाताचं तेल दिलं, कुणी शीर आखडली म्हणालं. "नाटकं करून राहिली," असंही एकीनं म्हटलं. जया तिच्याशी कडाकडा भांडली आणि दुसऱ्याच दिवशी पंचफुलाला आणि तिच्या आईला, रंभाबाईला, मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टर बोकारेंनी घोट्याजवळ बोटं टेकवून नाडी पाहिली. "बारीक लागते. आता पंजा खाली दाब. जोरात." त्यांच्या कपाळावर आठी पडली. "गेली नाडी!"

मग औषध टोचून पायाच्या रक्तवाहिनीचे फोटो काढले.

"गुडघ्यामागचा एक स्नायू जन्मापासूनच जागा सोडून आहे," डॉक्टर म्हणाले. "जोर लावला की तो रक्तवाहिनीवर बसते. दबून दबून ती आता बंदच होत आली."

"माह्या पोरीचा पाय कापसान काय जी?" रंभाबाईनं विचारलं.

"पाय नाही बाई, तो स्नायू कापू. अन् खराब झालेल्या जागी तिच्याच पायातली शीर जोडू."

ऑपरेशननंतर रंभाबाईनं चादरीखाली हात घालून लेकीचं पाऊल चाचपलं. "ऊन लागते वं!" म्हणाली आणि ते पाऊल धरूनच रडायला लागली.

पुढं जया रामटेकला सासरी गेली. मैदानाच्या जागी क्वार्टर उभे राहिले. तिथून जाताना पंचफुलाला अजून दुखण्यानंतरचा पहिला सामना आठवतो. सुरुवातीलाच ती बाद झाली होती. पंचांनी शिट्टी वाजवली, पोरी ओरडल्या. पण ही आपली पळतच राहिली, पार मैदानाच्या टोकापर्यंत.